पाच तारखेचा साडभाऊ

अमरावती जिल्ह्यात गाडीचा हप्ता भरणारे हजारो असतील, पण हप्त्याच्या तारखेची सणासारखी वाट पाहणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. राहणारा मोर्शीचा. शेंदूरजनाघाटची संत्री वाहायला त्यानं कर्जावर मालवाहू गाडी घेतली. हप्त्याची शेवटची तारीख पाच. पैसे खात्यातून आपोआप कापले जायची सोय होती, फोनवरून भरायचीही होती. साडभाऊला दोन्ही नामंजूर. फोनमधून निघालेले पैसे मधेच कुठं अडकले आणि तारीख उलटली तर दंड कोण भरणार, असं त्याचं म्हणणं. म्हणून तीन तारखेलाच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तो अमरावतीला फायनान्स कंपनीच्या शाखेत हजर. शाखेचं शटर वर जायच्या आधी हा पायरीवर बसलेला. पावती मिळाली की आमच्याकडे जेवायला यायचा आणि उशिराचा दंड, त्या दंडावरचा कर, चेक परत गेल्याचा आकार हे सगळं माझ्या बायकोला भुताच्या गोष्टीसारखं रंगवून सांगायचा. माझ्या स्कूटरचा हप्ताही त्याला पाठ. आदल्या दिवशी सकाळीच फोन यायचा, भरला काय म्हणून.

एकदा संत्र्याच्या ऐन हंगामात त्याला सवड मिळाली नाही आणि चक्क पाच तारीख उजाडली. निघाला, तर जिचा हप्ता भरायचा तीच गाडी वाटेत बंद पडली. भरली गाडी रस्त्याच्या कडेला सोडून हा एका अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसला, आणि शाखेत पोचला तेव्हा खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं होती. पावती हातात पडल्यावर त्यानं मला फोन करून सगळी हकीकत सांगितली. मी विचारलं, गाडी कुठं आहे? तेव्हा कुठं त्याला गाडी आठवली. मग मेकॅनिक घेऊन आम्ही दोघं धावलो.

पुढच्या हंगामात चार पैसे हाताशी आले. सगळं कर्ज एकदमच फेडून टाकावं म्हणून तो मला घेऊन शाखेत गेला. आनंदानं त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. खिडकीवरच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की मुदतीआधी कर्ज बंद केलं तर त्याचाही आकार पडतो. साडभाऊनं खिडकीत डोकं घातलं.

"उशिरा भरलं तं दंड, लवकर भरलं तं बी दंड. मंग बाई, माणसानं भरावं तरी कवा?"

सगळी शाखा हसली, ती मुलगीसुद्धा. त्यानं पैसे परत खिशात घातले आणि उरलेले हप्ते एकेक करून, तारखेच्या आत, ताठ मानेनं भरले. शेवटच्या हप्त्याला पेढे घेऊन गेला. कर्ज फिटल्याचा दाखला त्यानं त्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घेतला, दोनदा.

त्यानंतर दोन महिने तो काही अमरावतीकडे फिरकला नाही. तिसऱ्या महिन्यात फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "हप्ता तं सरला. आता तुमच्या घरी कोन्त्या कामानं येऊ?"

फोन स्पीकरवर होता. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी," ती म्हणाली, "बिनकामाचे या."