आत मी, बाहेर ते

औंधच्या डोंगरावर चित्रांचं संग्रहालय आहे. दहिवडीहून एसटीनं वर्षातून एकदा तरी आम्ही जायचो, मी आणि माझे मिस्टर. पण आत जायचे मी एकटीच. फौजेतून रिटायर झालेला हा माणूस बाहेर झाडाखाली तंबाखू मळत बसायचा. म्हणायचे, "मला त्यातलं काय कळतंय डोंबल! तू बघ आन् मला सांग."

पहिल्या वेळी मी नुसतं "लय भारी हाय वं" म्हणाले, तर खवळलेच. सरहद्दीवर त्यांचं कामच होतं दुर्बिणीतून बघायचं आणि वर कळवायचं. "असं सांगत्यात व्हय? डावीकडनं सुरू कर. आधी जवळचं, मग मधलं, मग लांबचं. उजेड कुठनं येतोय?" मी मुकाट्यानं परत आत. चित्रातल्या समईचा उजेड बाईच्या हनुवटीखाली पडलाय आणि कपाळ अंधारातच आहे, हे मला तेव्हा दिसलं. चित्रांचं वेड लागलं ते असं, बोलणी खात.

ते गेल्यावर वर्षभर मी तिकडे फिरकले नाही. भीती वाटायची. त्यांच्याबरोबर माझं बघणंही गेलं असलं तर?

परवा मन घट्ट करून गेले. नदीवर धुणं धुणाऱ्या बायांचं एक चित्र आजवर कसं नजरेतून सुटलं होतं कोण जाणे. डाव्या हाताला ओला दगड, मधे वाकलेल्या पाठी, लांब एक रिकामी नाव. सगळं दिसलं! अशी हरखले, की सांगायला तडक बाहेर आले.

झाडाखाली कुणाची तरी मोटारसायकल लावली होती. मेलं, चारचौघांत रडूच फुटलं मला.

स्टँडवर येऊन बसले तर पुण्याहून मुलाचा फोन. "आई, फोटो काढलेस का? टाक की."

"काढू देत न्हाईत रे. सांगते ना तुला, डावीकडनं..."

"बरं बरं, मीटिंग आहे. नंतर बोलू."

फोन बंद झाला. मी तो तसाच कानाला धरून ठेवला आणि बोलत राहिले. जवळचं सांगितलं, मधलं सांगितलं. लांबच्या नावेपर्यंत आले तेव्हा दहिवडीची गाडी लागली होती.