पेट्रोल राखणारे मामा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळे, पण आमच्या थोरल्या मामांइतका जीव त्या पेट्रोलला साऱ्या सातारा जिल्ह्यात कुणी लावला नसेल. पलटणीत मोटार शिकून आलेले मामा गाडी अनवाणी चालवत. वहाण घातलेल्या पायाला म्हणे पेट्रोलचा अंदाज येत नाही. उतार दिसला की इंजिन बंद. चढ दिसला की, "उतरा रं समदी! गाडी काय तुमचं वझं वाहायला घेतलीय व्हय?" निघताना आईच्या लाडवांचा डबासुद्धा हातात तोलून बघत आणि निम्मे लाडू शेजारी वाटून टाकत.

त्या वर्षी आक्काला पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीहून साताऱ्याला आणायचं होतं. कोळशाच्या गॅसवर धावणाऱ्या सर्व्हिस मोटारीत धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होत, म्हणून मामांनी महिनाभराचं पेट्रोल राखून ठेवलं होतं. ते जाऊन-येऊन पुरायला हवं होतं. कडेगावच्या चढाला आई आणि मी गाडीमागून चालत निघालो, तेव्हा उसाच्या बैलगाडीवरची माणसं खदखदा हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माधवनगरला तर कहर झाला. रेल्वेचं फाटक लागलेलं बघून मामांनी इंजिन बंद केलं, आणि फाटक उघडल्यावर म्हणाले, "ढकल रं गड्या, पल्याड उतार हाय." मी ढकलतोय, तोच माझा कॉलेजातला एक मित्र सायकलवरून आला. कडक इस्त्रीचा सदरा, मनगटावर घड्याळ. मुंडासं बांधलेल्या अनवाणी मामांकडे बघून त्यानं विचारलं, "हे कोण?"

माझ्या तोंडून गेलं, "ड्रायव्हर."

मामांनी ऐकलं. ते खाली उतरले आणि त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. "बसा, सायेब." मग जपून ठेवलेलं ते पेट्रोल जाळत त्यांनी इंजिन सुरू केलं आणि मला ऐटीत फाटकापार नेलं. मी मान वर केली नाही.

परतताना आक्का मागे उशांना टेकून बसली होती. "मामा, आज गप्प का हो?"

"बोलण्यानं पेट्रोल लय जळतं, पोरी."

आई आणि आक्का हसल्या. चढ लागताच मी न सांगता उतरलो. मामा म्हणाले, "बस रं लेकरा. पुरंल." मी बसलो नाही, सबंध चढ गाडी ढकलत राहिलो.

पेट्रोल पुरलं. आक्का सुखरूप बाळंत झाली. मामांनी ही गोष्ट कधीही, कुणाजवळही काढली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. ते जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. 'हे माझे मामा' एवढंच म्हणायचं होतं मला. आता भेटेल त्याला सांगत सुटलो, तरी ज्यांनी ऐकायला हवं ते ऐकायला नाहीत.