देवीने मागितला पंखा

माझ्या अंगात देवी आली तेव्हा मंगळवार होता आणि कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या.

हे आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या निदान अकरा बायका शपथेवर सांगतील. मी स्वतः एकावन्न वर्षांची, कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवणारी बाई आहे, आणि त्याआधीचं दीड वर्ष माझ्या अंगात जे येत होतं त्याला डॉक्टर मेनोपॉज म्हणत होत्या. ऐन जानेवारीत हिमनद्या शिकवताना माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहायच्या. कोथिंबीर पिवळी पडलेली दिसली की रडू यायचं. नवऱ्याने, म्हणजे सुधीरने, चहा छान झालाय म्हटलं, तर एरवी छान नसतो का, असं विचारून मी दोन दिवस अबोला धरायचे. घरात सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, सांधे धरलेले. त्यांना वारा सोसत नाही, म्हणून हॉलमधला पंखा लावलाच तर एकवर. (एकवर आमचा पंखा फिरतो की नुसता फिरण्याचा विचार करतो, हे निरखून बघावं लागतं.)

ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि अंग हलतं ठेवा म्हणून सांगितलं. कोलशेतला एका सोसायटीच्या हॉलमध्ये या वयातल्या बायकांसाठी नाचाचा वर्ग चालतो, तिथे जाऊन बघा, असंही म्हणाल्या. मी गेले. शिकवणारी केतकी तिशीतली, बारीक आवाजात बोलणारी मुलगी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे स्टेप्स नाहीत. डोळे मिटा आणि शरीराला काय हवंय ते विचारा. मी विचारलं. शरीर म्हणालं, खुर्ची. मग पहिले दोन शनिवार मी खुर्चीत बसून हात हलवले. तिसऱ्या शनिवारी उठले. चौथ्या शनिवारी हात वर करून हळूहळू गोल फिरत असताना अचानक रडू कोसळलं, आणि या वेळी कोथिंबिरीचा काही संबंध नव्हता. घरी आले ती हलकी होऊन. त्या आठवड्यात सुधीरने चहाला छान म्हटलं आणि मी चक्क थँक यू म्हणाले. तो बिचारा कप घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसला.

घरी मात्र मी शाळेचं ट्रेनिंग आहे असं सांगितलं होतं. एकावन्नाव्या वर्षी नाचाच्या क्लासला जाते, हे सासूबाईंना सांगायची माझी छाती नव्हती. तिथेच सगळं चुकलं.

केतकीने रोज पंधरा मिनिटं घरी करायला सांगितलं होतं. केस मोकळे सोडा, अंग तापायला लागलं की त्याला दाबू नका, त्याच्या लयीत हला, आणि श्वास सोडताना आवाज येऊ द्या. आमची शाळा सकाळची. मंगळवारी सासूबाई शेजारच्या साटमकाकूंबरोबर देवळात जायच्या, त्या दीडपर्यंत यायच्या नाहीत. मी कुकर लावला, गाऊनवर लाल ओढणी कमरेला घट्ट बांधली, केस सोडले. तेवढ्यात अंग तापायला लागलंच. मी डोळे मिटून डोलायला लागले. घाम निथळत होता, केस तोंडावर येत होते, आणि दर श्वासाला मोठ्ठा 'हूंऽऽ' निघत होता. खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

डोळे उघडले तर समोर सासूबाई हात जोडून उभ्या, आणि साटमकाकू थेट जमिनीवर गुडघे टेकून. देवळात गर्दी होती म्हणून दोघी लवकर परतल्या होत्या.

"आई, काही चुकलं असेल तर पदरात घे," सासूबाई म्हणाल्या.

सव्वीस वर्षांत त्यांनी मला कधी आई म्हटलं नव्हतं, त्यामुळे काय प्रकार आहे ते कळायला मला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा दोनच रस्ते होते. एक, नाच, क्लास, कोलशेत आणि चार महिन्यांच्या थापा असं सगळं जागच्या जागी कबूल करायचं. दुसरा, गप्प राहायचं. मी मधला रस्ता काढला आणि पुन्हा 'हूं' म्हणाले. (देवीच्या भाषेत ते पूर्ण वाक्य असतं, हे मला नंतर कळलं.)

साटमकाकूंनी ताबडतोब मुलीचं लग्न कधी होईल ते विचारलं. याला 'हूं' पुरेना, म्हणून मी म्हटलं, तिलाच विचार. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं त्या पुटपुटत राहिल्या. मग सासूबाई पुढे आल्या.

"आई, तुला काय हवं ते माग."

या घरात हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. मी फार विचार न करता खरं उत्तर दिलं.

"पंखा. पाचवर."

सासूबाईंनी उठून पंखा पाचवर केला आणि स्वतः शाल पांघरून बसल्या. मग मात्र माझी भीड चेपली. मंगळवारी स्वयंपाक नको, असंही मी सांगून टाकलं. त्यांनी माझी ओटी भरली आणि आत जाऊन स्वतः पिठलं टाकलं. संध्याकाळी सुधीर घरी आला, आईकडून सगळं ऐकलं आणि मला म्हणाला, "अहो, चहा घेता का?" कॉलेजपासून अरे-तुरे करणारा माणूस!

मी खरं सांगणारच होते. बुधवारी सांगू म्हटलं, मग शुक्रवारी, मग रविवारी. पण पंखा इतका छान फिरत होता की राहून गेलं. पुढच्या मंगळवारी शाळेतून आले तर दारात चपलांचा ढीग. आत अकरा बायका, अकरा नारळ आणि मधोमध माझ्यासाठी पाट. सासूबाईंनी म्हणे फक्त जवळच्यांनाच सांगितलं होतं.

पळून जायला जागा नव्हती. मी बसले, केस सोडले, डोलले. दोन-तीन प्रश्न 'हूं'वर निभावले. मग बी विंगमधल्या भोईरवहिनी पुढे सरकल्या. त्यांची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि महिन्यापासून पुन्हा अंगावरून जात होतं. डॉक्टरांनी तपासणी सांगितली होती, त्यांना भीती वाटत होती. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या की तू सांग आई, तपासायला जाऊ, की तुझ्या अंगाऱ्याने भागेल?

पंखा पाचवर होता, तरी मला दरदरून घाम फुटला. हा नेहमीचा नव्हता. मी केस बांधले आणि पाटावरून उठले.

"वहिनी, आजच्या आज डॉक्टरकडे जा. मी येते बरोबर. आणि मी देवी नाही, मला मेनोपॉज आहे."

मग मी कोलशेतपासून सगळं सांगितलं. बायका एकेक करून उठल्या. काही हसल्या, काहींनी आपापले नारळ परत नेले. दोघींनी मात्र जाता जाता क्लासची वेळ विचारली. मी भोईरवहिनींना घेऊन गेले. पुढे त्यांची साधी गाठ निघाली, काढून टाकली, आता त्या ठणठणीत आहेत. पण हे नंतरचं.

त्या दिवशी परत आले तेव्हा सासूबाई पंख्याखाली शाल घेऊन बसल्या होत्या. मी पायाशी बसले आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या,

"तुझ्याएवढी होते तेव्हा माझ्याही अंगात यायचं. गावच्या देवळात, ढोल वाजला की. तीन वर्षं."

मी जपून विचारलं, "खरी देवी यायची, आई?"

"कोण जाणे. घरात अठरा माणसं, कशी आहेस म्हणून विचारणारं एक नाही. तिथे मी नाचायचे, रडायचे, घरी यायचे तेव्हा अंग पिसासारखं. मग एका वर्षी आलंच नाही. मला वाटलं, देवी रुसली." शाल सारखी करत त्या म्हणाल्या, "याला काही नाव असतं, हे कोणी सांगितलं नाही गं."

आम्ही दोघीही थोड्या रडलो. मग त्यांनी विचारलं, तो तुझा क्लास खुर्चीत बसून करता येतो का?

आता दर शनिवारी त्या माझ्याबरोबर कोलशेतला येतात. खुर्चीत बसून नुसते हात हलवतात, तर सगळा वर्ग आपलं सोडून त्यांच्याकडे बघत राहतो. केतकी तर त्यांच्यासमोर मांडी घालूनच बसते. गेल्या शनिवारी परतताना रिक्षात मी धीर करून विचारलं, "आई, माझं कसं होतंय?"

त्यांनी खरोखर विचार केला. त्यांना खोटं बोलवत नाही.

"साटमीणबाईचा काही दोष नाही बघ," त्या म्हणाल्या. "तुला बघून कोणालाही देवीच आली असं वाटेल. हा नाच आहे, असं कोणाच्या मनातसुद्धा येणार नाही."