इब्तिहालबाईंचं व्हेप

झर्का शहरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत इब्तिहालबाई उपमुख्याध्यापिका होत्या. मी गणित शिकवायचे. वीस वर्षं त्यांनी चोरून सिगारेट ओढली. नवरा फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला, तेव्हा त्याच्या मृत्यूच्या चाळिसाव्या दिवशी त्यांनी पाकीट फेकलं आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतलं.

"ही नुसती वाफ गं," मला म्हणाल्या. "सहा महिन्यांत हेही सुटेल."

सुटलं नाही. सिगारेट निदान विझायची, हे विझतच नव्हतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्यांचा हात उशीखाली जायचा. शाळेत दर तासानंतर त्या सामानाच्या खोलीत जाऊन यायच्या. झुरका चुकला की समोर येईल तिची खरडपट्टी.

दप्तरं तपासायचं काम त्यांच्याकडेच होतं. दहावीतल्या रहफच्या दप्तरात गुलाबी व्हेप सापडलं. गणितात माझ्या वर्गात तिच्या तोडीची कुणी नव्हती. रहफ रडली नाही. म्हणाली, "बाई, मला सोडवत नाही. काय करू, तुम्हीच सांगा."

"मला काय विचारतेस? बापाला बोलाव."

बाप आला. त्याने आमच्यासमोर तिच्या थोबाडीत मारली आणि दाखला मागितला. "बसेल आता घरात," म्हणाला. इब्तिहालबाईंनी सही केली.

मग रमजान आला. तिसऱ्या रोजाला दुपारी मी खडू आणायला सामानाच्या खोलीत गेले. इब्तिहालबाई स्टुलावर बसल्या होत्या, ओठांत रहफचं गुलाबी व्हेप. खोलीभर त्या वाफेचा टरबुजासारखा वास.

"माझं मुद्दाम घरी ठेवून आले होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, झुरक्याने रोजा तरी मोडणार नाही. पण हे कपाटात होतं."

"बाई, हे त्या पोरीचं आहे."

"माहीत आहे. तिला आता काय उपयोग त्याचा?" मग म्हणाल्या, "कुणाला सांगणार आहेस?"

मी खडूचा डबा उचलला आणि निघून आले.

ईदच्या आदल्या दिवशी खजुराच्या दुकानात रहफची आई भेटली. पोरीचं लग्न चुलतभावाशी ठरलं होतं.

"आणि ते व्हेप? सुटलं का?" मी विचारलं.

"कुठलं सुटतंय. घरात कोंडल्यापासून वाढलंच. धाकटी बहीण आणून देते लपवून." ती खजूर निवडत राहिली. "पण तुमच्या त्या बाईंना माझा सलाम सांगा. त्यांनी पकडलं म्हणून कळलं तरी."

सलाम मी पोचवला. इब्तिहालबाईंनी ऐकला, मान हलवली, आणि पर्स घेऊन सामानाच्या खोलीकडे गेल्या.

पुढच्या वर्षी त्या मुख्याध्यापिका झाल्या. पहिल्याच सभेत व्हेपच्या दुष्परिणामांवर चांगलं बोलल्या. मधे दोनदा खोकला आला, तेव्हा एका मुलीने पाणी नेऊन दिलं. भाषण संपलं तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.