डब्यातली मोटर

इंजिन हातात आलं की तो आधी ते उलटं करून कानाशी धरायचा. अंगठ्यानं चाक हळूच फिरवायचा, डोळे मिटायचा, आणि डॉक्टरसमोर बसल्यासारखे आपण गप्प राहायचो. मग डोळे उघडून तो ठरलेलं वाक्य म्हणायचा, "बाकी तब्येत छान आहे. मोटर बदलली की झालं."

ऐंशीच्या दशकातली रत्नागिरी तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल, तर त्याला हे विचित्र वाटेल. तेव्हा आमच्याकडे रेल्वे नव्हती. निवडणूक आली की ती यायची, निकाल लागला की जायची. अशा गावात वाचनालयाच्या जिन्याखाली रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान टाकून हा माणूस आगगाडीची इंजिनं दुरुस्त करत बसायचा. खेळण्यातली, अर्थात. गाव त्याला स्टेशनमास्तर म्हणायचं. मीही म्हणायचो. वरच्या मजल्यावर मी ग्रंथपाल होतो. तो मला नुसतं 'लायब्ररी' म्हणायचा.

ही इंजिनं आखातातून आलेल्या ट्रंकांतून नाहीतर मुंबईच्या फुटपाथवरून यायची. खोक्यावर बर्फाच्या डोंगरांचं चित्र, आत प्लॅस्टिकचं इंजिन, दोन डबे आणि गोल रूळ. माल स्वस्तातला. मोटर बोटाच्या पेराएवढी. आठ दिवस फिरली की ती तापायची, जळकट वास सोडायची आणि कायमची गप्प व्हायची. तशी दुसरी कुठं मिळत नसे.

"करणाऱ्यानं हिशेब केलेला असतो," तो म्हणायचा. "मोटर जळेपर्यंत मूल कंटाळेल म्हणून. मूल कंटाळतं रे लायब्ररी, बाप कुठं कंटाळतो?"

त्याचा उपाय टेपरेकॉर्डरची मोटर हा होता. ती दणकट, पण इंजिनाच्या पोटात मावत नसे. म्हणून तो ती मागच्या डब्यात बसवायचा. इंजिन नुसतंच पुढं मिरवायचं आणि डबा त्याला मागून ढकलायचा.

"तुमच्या वाचनालयासारखं," तो मला म्हणाला होता. "पुढं कार्यवाह, मागून तू."

एकदा गणपतीनंतर लांज्याजवळच्या वाडीतून तात्या आले. तात्यांनी तीस वर्षं मुंबईकडे मालगाडीचं इंजिन चालवलं होतं आणि निवृत्त होऊन ते गावी परतले होते. घर, शेती, गुरं सांभाळणाऱ्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, उभ्या आयुष्यात आगगाडी पाहिली नव्हती. त्यांना एसटी लागायची. लांज्याच्या बाजाराला त्या चालत जायच्या. मुंबईचं नावच नको. म्हणून तात्यांनी फुटपाथवरून गाडी आणली आणि गणपतीत साऱ्या वाडीसमोर ती लावली. इंजिन वीतभर गेलं, त्यातून धूर आला आणि ते थांबलं.

"लोकं हसली ते सोडा," तात्या खाली बघत म्हणाले. "ती म्हणाली, 'तीस वर्सं आशीच चालवत व्हताव काय?' आता पाणवठ्यावर रोज हेच चाललंय. मास्तर, एकदा तिच्यासमोर चालू दे. मग मोडली तरी चालेल."

त्यानं इंजिन कानाशी धरलं. निदान सांगितलं. डब्याची योजना सांगितली. तात्या उसळले.

"डबा इंजिनाला ढकलणार? माझी पेन्शन बंद करतील!"

"तात्या, कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून काय लावता?"

"बँकर. जोर द्यायला जादा इंजिन."

"मग हा बँकर. तुमची वाडी घाटावर आहे असं समजा."

तात्या विचारात पडले. बँकरवर त्यांनी स्वतः चार वर्षं काढली होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

आता मोटर. त्या वेळी दुकानात भरवशाच्या दोनच होत्या. एक त्याच्या स्वतःच्या टेपमध्ये, ज्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाणी चालत. दुसरी वाचनालयाच्या टेपमध्ये. तो टेप मी पट्टा बदलायला विश्वासानं दिला होता. शनिवारी वार्षिक समारंभात त्यावर आदल्या वर्षीच्या पाहुण्यांचं व्याख्यान ऐकवायचं होतं. स्टेशनमास्तरनं पट्टा बदलला, मोटर काढून घेतली आणि तिच्या जागी भंगारातल्या पेटीमधली एक बसवली. जोर तेवढाच, वेग मात्र स्वतःच्या मर्जीचा; गाडीला ती लावली असती तर पहिल्याच वळणावर गाडी रुळांवरून उतरली असती. मला काही बोलला नाही.

व्याख्यानाचा विषय होता 'जीवनात संयमाचं स्थान'. मी बटण दाबलं आणि पाहुणे पाठीमागं कुत्रं लागल्यासारखे बोलू लागले. तेही बायकी आवाजात. पहिल्या रांगेत कार्यवाह ताठ बसले होते. मागं सभासदांनी रुमाल तोंडात कोंबले होते. तासाचं व्याख्यान चाळीस मिनिटांत संपलं आणि आमच्या इतिहासात प्रथमच शेवटपर्यंत कुणी उठलं नाही. एक वृद्ध सभासद जाताना म्हणाले, "यंदा कळलं हो सगळं."

कार्यवाहांनी मला बोलावलं. "हे काय?"

"विजेचा दाब वाढला असावा," मी म्हणालो. खोटं बोलताना माझे कान लाल होतात. त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं. "सोमवारी सकाळी टेप माझ्या टेबलावर हवा. पहिल्या आवाजात. नाहीतर तुमच्याबद्दल समितीला विचारावं लागेल."

मी तसाच जिना उतरलो. "माझी मोटर कुठं आहे?"

"तात्यांच्या डब्यात," तो शांतपणे म्हणाला. "उद्या लांज्याला जाऊ, वहिनींना गाडी दाखवू, मोटर काढून आणू. तात्यांना सांगितलंय. एका दुपारचा प्रश्न. बाकी, व्याख्यान कसं झालं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मांडीवर खोकं घेऊन एसटीनं गेलो. सारवलेल्या पडवीत रूळ मांडले. वाडी जमली. वहिनी सूप हातात घेऊन दारात उभ्या होत्या. मुद्दाम काही बघायला आल्या नव्हत्या, हे सगळ्यांना दिसावं म्हणून अधूनमधून तांदूळ पाखडत होत्या.

त्यानं तारा जोडल्या. डब्यानं इंजिनाला ढकललं आणि गाडी निघाली. एक फेरी. दुसरी. तात्या मांडी घालून बसले, एक हात हवेतल्या कुठल्याशा दांड्यावर. "कर्जत गेलं," ते पुटपुटले. "बोगदा... लोणावळा."

सूप थांबलं. वहिनी खाली बसल्या.

"तुमी कुटं बसत व्हताव?"

तात्यांनी इंजिनाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढी खिडकी. गाडी समोरून गेली की वहिनी वाकून आत बघत.

"पावसात पन?"

"पावसात पण."

"आनि जेवान?"

"चालत्या गाडीतच."

वहिनींनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग वाडीकडे वळून म्हणाल्या, "आनि मी म्हनायची, मानूस खुर्चीत बसून पगार खातो."

कुणी हसलं नाही. त्या आत गेल्या आणि मुठीत मीठ-मिरच्या घेऊन आल्या. "येवडी लोकं बगतायत. नजर लागंल." आणि त्या धावत्या गाडीबरोबर हात फिरवत इंजिनाची दृष्ट काढू लागल्या.

"वहिनी," स्टेशनमास्तर म्हणाला, "डब्याचीही काढा. कष्ट तो करतोय."

त्यांनी डब्याचीही काढली.

चहा झाला. परतीच्या एसटीची वेळ झाली. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. तात्यांनी गाडी थांबवली आणि डबा त्याच्या पुढं केला. त्यानं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर परत खिशात टाकला.

"दृष्ट काढलेल्या वस्तूला महिनाभर हत्यार लावत नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला.

एसटीत बसल्यावर मी विचारलं, "असा नियम आहे?"

"आजपासून आहे."

"आणि माझी नोकरी?"

"झोप आता."

सोमवारी सकाळी टेप कार्यवाहांच्या टेबलावर होता. पाहुणे संयमानं संयमावर बोलत होते. कार्यवाह प्रसन्न झाले. मी आनंदात खाली धावलो तर दुकान मुकं होतं. त्याचा स्वतःचा टेप पोट उघडून पडला होता आणि आत मोटरची जागा रिकामी.

"याला काय झालं?" मी उगाच विचारलं.

"काही नाही. विश्रांती सांगितलीय," तो म्हणाला.

पुढं मोटरी मिळाल्या, पण प्रत्येक वेळी कुणाचं तरी इंजिन अडलेलं असायचं. टेपचा नंबर लागलाच नाही. गाण्यांवाचून मात्र त्याला राहवेना, म्हणून तो ती स्वतःच म्हणू लागला. बेसूर, आणि शब्द विसरला की मोठ्यानं. वर सभासद तक्रार करत. मी लाकडी जमिनीवर टाच दोनदा आपटायचो. दोन ओळी तो हळू म्हणायचा आणि तिसरीला मुद्दाम वरची पट्टी लावायचा. अशी आमची वर्षं गेली.

गेल्या महिन्यात तो गेला. मी निवृत्त झालो तरी दुपारी वर जाऊन बसतो. परवा वाचनालयात पंख्याचा तेवढा आवाज होता. मी टाच दोनदा आपटली. समोरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ थांबून मी ती पुन्हा आपटली.