रावजीच्या मागे वाजवणारे

फुटलेला बँड पुन्हा जमवू नये, असं माझं मत आहे. हे मत मला बँड जमवून झाल्यावर सुचलं, त्यामुळे त्याचा आता कुणालाच उपयोग नाही.

मी दत्तोबा, निरवांगीचा. बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचो. पण सांगायचंय ते रावजीबद्दल. रावजी मोरगावचा, आमचा क्लॅरिनेटवाला. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा सगळ्यांत पुढे चालतो. गाणं तो उचलतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. तो नसला की उरतो तो नुसता गोंगाट. म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, आणि तो होताही तेवढ्या ताकदीचा.

त्याचे वडील लहानपणीच गेले. आई रंगूबाई शेळ्या राखायची. घरात कानाशी पिपाणी नको, म्हणून तिनं पोराला शेळ्यांमागे माळावर धाडलं. पुढे शेळ्यांना अशी सवय लागली, की रावजीनं वाजवल्याशिवाय त्या घराकडे वळेनात. ही गोष्ट तो प्रत्येक लग्नात जेवताना सांगायचा, आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचो. त्याला दोनच माणसं होती, एक आई आणि दुसरे आम्ही. आम्ही अकरा जण होतो, पण तो आम्हाला एकाच माणसासारखा धरायचा.

अठरा वर्षांपूर्वी निरवांगीत एक लग्न होतं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक, निम्म्या रस्त्यात होता. मोबाइल तेव्हा फक्त बँडच्या मालकांकडे, म्हणजे इंदापूरच्या विजयसिंहांकडे होता. मोरगावहून फोन आला: रंगूबाई गेली, रावजीला लावून द्या. वेळ सकाळी अकराची. रावजीला हे कळलं दुपारी चार वाजता, नवरीची पाठवणी वाजवून झाल्यावर. कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून तो मोरगावला पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. गावानं पाचपर्यंत वाट पाहिली होती. एकुलता एक मुलगा जिवंत असताना रंगूबाईला अग्नी चुलत पुतण्यानं दिला.

तेराव्यानंतर रावजी इंदापुरात आला. बँडचा लाल कोट त्यानं विजयसिंहांच्या अंगणात फेकला आणि अख्ख्या आळीसमोर त्यांना आईवरून शिव्या दिल्या. विजयसिंह खाली मान घालून ऐकत राहिले. उलट एक शब्द बोलले नाहीत. महिन्याभरात बँड मोडला. रावजी बारामती एमआयडीसीत दुधाचे क्रेट धुवायला लागला. मी माझ्या डाळिंबात गुंतलो. पण बाजारात, लग्नात, कुठंही भेटला की रावजी विजयसिंहांचं नाव काढून थुंकायचा. गेल्या वर्षी विजयसिंह वारले, तेव्हा मयताला तो गेला नाही.

यंदा डीजेवर पोलिसांची वक्रदृष्टी झाली आणि लोकांना एकदम जुन्या बँडचा उमाळा आला. आमचा ट्रंपेटवाला गेणबा म्हणाला, आपण सात जण धडधाकट आहोत, मालक गेले, आता रावजीला अडचण काय? मलाही सुरसुरी आली. खोटं कशाला बोलू, लाल कोट घालून गावातून चालण्यात जी मजा होती ती डाळिंबात नाही. मी मोरगावला गेलो.

रावजीनं क्लॅरिनेट काढून दाखवलं. अठरा वर्षं एकदाही तोंडाला लावलं नव्हतं, पण पुसून, तेल देऊन लख्ख ठेवलं होतं.

"मालक जिता हुता तंवर म्या वाजवलं न्हाय," तो म्हणाला. "तुमच्यावर माझा राग न्हाय, दत्तोबा. तुमाला कळलं असतं, तर तुमी ढोल टाकून मला गाडीवर घातलं असतं. ह्या एका इश्वासावर म्या काढली इतकी वर्सं."

मी चहाची बशी तोंडाला लावली. तेव्हाच सांगायला हवं होतं, की आम्हाला कळलं होतं. अकरा वाजताच कळलं होतं. विजयसिंह मागच्या मागे येऊन आम्हा सगळ्यांना सांगून गेले होते, आणि आम्ही चार वाजेपर्यंत त्याच्या पाठीकडे बघत वाजवत होतो. पण मी म्हणालो, "मग येतूस नव्हं?" तो हो म्हणाला. त्याला इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या पॅकिंगच्या शेडमध्ये तालीम सुरू झाली. रावजीचे खालचे दोन दात गेलेले, श्वास पुरत नव्हता, तरी आठवड्यात सूर लागला. सुट्टी घेऊन तो रोज दुपारी मोरगावहून यायचा आणि येताना सगळ्यांसाठी भेळ आणायचा. एके दिवशी चहा पिताना गेणबाला गहिवर आला. गेणबाचं तोंड ट्रंपेटवर असतं तेवढंच बरं.

"मास्तर, तू पुष्कळ वाजवलंस," तो म्हणाला, "पर त्या दिसाची पाठवणी वाजवलीस तशी कुनी न्हाय वाजवली. आमी मागं डोळं पुसत हुतो."

रावजी हसला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं.

"तुमी का पुसत हुता?"

रावजीनं कप खाली ठेवला आणि एकेकाला विचारलं, "तुला ठावं हुतं?" गेणबानं होकाराची मान हलवली. त्याच्या शेजारच्यानं हलवली. असं करत तो माझ्यापर्यंत आला. मीही हलवली.

"न्हाय सांगायचं, असं कुनी ठरवलं?"

आता खरं सांगतो. त्या दिवशी विजयसिंह पांढरेफटक पडून आले आणि म्हणाले, "मास्तरला सोडून देऊ. बँड बंद ऱ्हाऊ दे." लग्न माझ्या बहिणीच्या मुलीचं होतं. बँड रस्त्यात बंद पडला तर पाहुण्यांत नाचक्की झाली असती. मीच म्हणालो, "मालक, परण्या पोचू द्या, मग सांगू." परण्या पोचल्यावर म्हणालो, अक्षता पडू द्या. अक्षता पडल्यावर म्हणालो, आता पाठवणीचंच काय ते राहिलंय. शेडमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. रावजी माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की त्याला एकच माणूस हवाय, ज्याच्यावर हे टाकता येईल.

"मालकांनी," मी म्हणालो. "तोंड उघडशीला तर कामावरनं काढीन म्हनले."

गेणबानं माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. बाकीच्यांनीही तेच केलं.

रावजीनं क्लॅरिनेट मांडीवर घेऊन फडक्यानं पुसलं. मग म्हणाला, "तुमी तरी काय करनार? पोटापायी मानसाला गप ऱ्हावं लागतं." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं तो कोट फेकेल, निदान कानफटात मारेल. त्यानं आम्हाला माफ केलं आणि क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावलं. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती, तरी मी ढोल उचललाच.

पहिलं लग्न इंदापुरातलं होतं. लोक गच्चीवर चढून मोबाइल धरून उभे होते. परण्या एका आळीत शिरला आणि दोन गाण्यांच्या मध्ये थांबला, तो नेमका विजयसिंहांच्या दारासमोर. त्यांची बायको प्रयागबाई उंबऱ्याबाहेर येऊन उभी होती. तिनं हात जोडले.

"रावजी भावजी, बरं झालं आलात. ह्यांच्या माघारी का हुईना, बँड ऐकला."

रावजीनं तिच्या पायापुढे थुंकी टाकली. मग तोंड फिरवून तो पुढे आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. ती तशीच हात जोडून उभी होती. मग तिनं मला पाहिलं आणि दोन पावलं माझ्याकडे आली. माणूस रागावून बोलतो तसं ती बोलली असती तर बरं झालं असतं.

"दत्तोबा भावजी," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यांनी माझ्याबिगर मरंस्तोवर कुनाला तुमचं नाव न्हाय सांगितलं. तुमी तरी सांगायचं हुतं."

पुढे रावजीनं गाणं उचललं. बाकीचे त्याच्या मागे गेले, आणि मीही गेलो.