गोगलगायीच्या ब्रेकचं रबर

त्याला गोगलगाय हे नाव मीच ठेवलं. यार्डात सगळ्यांना ते लगेच आवडलं, आणि मला वाटलं होतं की वर्षभरात त्या नावाला कंटाळून तो नोकरी सोडेल. त्याने सोडली नाही. उलट कोणी त्या नावाने हाक मारली की हसून ओ देतो. त्याची हीच गोष्ट माझ्या डोक्यात जाते.

आमची कंपनी औषधांच्या दुकानांना माल पोचवते. सहा छोटे टेम्पो, सहा ड्रायव्हर. सकाळी साडेआठला खोकी भरायची आणि संध्याकाळी रिकामी गाडी पत्र्याच्या शेडखाली आणून लावायची. शेडच्या भिंतीवर एक पांढरा फळा आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मॅनेजरबाई त्यावर प्रत्येकाचं अ‍ॅव्हरेज लिहितात, म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये कोणाची गाडी किती किलोमीटर गेली ते. गोगलगाय यायच्या आधी पहिलं नाव माझं असायचं. तो आल्यावर तिसऱ्याच महिन्यात मी दुसरा झालो. पुढची सात वर्षं तेच. एवढ्या काळात फळा दोनदा बदलला, माझा नंबर काही बदलला नाही.

आमच्याकडे यायच्या आधी तो अंड्यांची गाडी चालवायचा. फुटलेली अंडी मालक त्याच्याच हाती द्यायचा, घरी घेऊन जा म्हणून. पहिला महिनाभर त्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ ऑम्लेट. शेवटी बायकोने ताट पुढे सरकवून सांगितलं, एक तर गाडी नीट चालवा नाहीतर माझ्या माहेरी जेवायला जा. तेव्हापासून म्हणे त्याचा पाय हलका झाला. ही गोष्ट तो इतकी रंगवून सांगतो की मॅनेजरबाईसुद्धा पेन खाली ठेवून ऐकतात. मी सतरा वर्षं गाडी चालवतोय. माझी एकही गोष्ट कोणी पेन खाली ठेवून ऐकलेली नाही.

दिसायला तो असा काही खास नाही. बुटका, पुढचे केस गेलेले, शर्टाच्या खिशात कायम हवा मोजायचं मीटर. सकाळी आम्ही चहा पीत असतो तेव्हा हा चारही चाकांपाशी उकिडवा बसून हवा बघणार. शनिवारी एअर फिल्टर काढून पायरीवर हळूहळू आपटून धूळ झाडणार. गाडीत जॅक आणि एक जादा चाक सोडून फालतू काही ठेवणार नाही. माझ्या गाडीत साखळी होती, डिझेलचे दोन रिकामे कॅन होते आणि दुपारी आडवं व्हायला एक घडीची खाटही होती. तो एकदा म्हणाला, दादा, ही खाट रोज फिरायला नेता होय. सगळे हसले. मी ती खाट नंतर वर्षभर मुद्दाम काढली नाही.

रस्त्यावर तर तो माझ्या अंगाचा तिळपापड करायचा. एखाद्या दुकानापुढे माल उतरवताना इंजिन बंद. मी चालूच ठेवायचो, दोन मिनिटांसाठी कोण चावी फिरवत बसणार. लांबवर लाल दिवा दिसला की हा तिथूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यायचा आणि गाडी आपली घरंगळत यायची. मी हॉर्न मारून त्याच्या पुढे काढायचो, दिव्यापाशी करकचून ब्रेक दाबायचो, आणि आरशात बघतो तर हा शांतपणे माझ्या मागे येऊन उभा. तेवढ्यात दिवा हिरवा व्हायचा. संध्याकाळी माझ्यापेक्षा चार मिनिटं उशिरा पोचायचा, एवढंच.

घरी बायकोही तेच. तिने त्याला कंपनीच्या स्नेहसंमेलनात एकदाच पाहिलं, तेही अंड्यांची गोष्ट सांगताना. परत येताना मी एका वळणावर जरा जोरात ब्रेक मारला, तर दाराच्या कडीला धरून म्हणाली, ‘त्यांच्याकडून शिका की थोडं.’ त्या रात्री मी जेवलो नाही. भूक नाही असं सांगितलं.

मी स्वतःची समजूत अशी काढली होती की कमाल त्याची नाही, गाडीची आहे. दोघांच्या गाड्या एकाच दिवशी घेतलेल्या, पण एखादं इंजिन चांगलं निघतं. म्हणून शेवटी मी त्याला म्हटलं, आपण गाड्या बदलू. त्याने का म्हणून विचारलं नाही. खिशातून चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ऑफिसला गाड्या वेळेवर निघण्याशी मतलब, त्यांना हे कळलंही नाही. पुढच्या महिन्यात फळ्यावर तो पंधरावर, माझ्या गाडीत. मी साडेतेरावर, त्याच्या गाडीत. माझ्या पोटात असं दुखलं की मी फळ्यासमोरून जाणंच सोडून दिलं, नळाकडेसुद्धा मागच्या बाजूने जायला लागलो.

आणि नेमकी तेव्हाच ती जागा निघाली. कंपनीला नव्या ड्रायव्हरांना शिकवायला एक माणूस हवा होता. खोकी उचलायची नाहीत, स्वतःचं टेबल, दारावर पाटी. माझा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतोय. शिवाय मी सगळ्यात जुना. मला ती जागा हवी होती, आणि त्याहून जास्त, ती त्याला मिळायला नको होती. मी मॅनेजरबाईंकडे जाऊन तासभर डोकं खाल्लं. म्हटलं, फळ्याचं काय घेऊन बसलात, माझ्या रस्त्यावर गर्दी किती, चढ किती. बाई वैतागून म्हणाल्या, ठीक आहे, फळा बाजूला ठेवू. मुख्य ऑफिसचे मिस्त्री शनिवारी येतील, ते दोघांच्या गाड्या बघतील आणि सांगतील गाडी कोण नीट वापरतं ते.

मिस्त्री आले तेव्हा बाकीचे चौघे मालावर गेले होते. जाड माणूस, चष्मा कपाळावर. आधी माझ्याकडच्या गाडीपाशी आले. बॉनेट उघडलं, चाकांवरून हात फिरवला. मग दार उघडून खाली वाकले आणि बराच वेळ पेडलकडे बघत राहिले. मी आजवर तिकडे कधी बघितलंच नव्हतं. ब्रेकच्या रबरावरच्या रेघा अजून उठून दिसत होत्या. क्लचच्याही.

‘गाडी किती वर्षं झाली?’ त्यांनी विचारलं.

‘सात.’

‘रबर बदललंय मधे?’

‘नाही, हेच आहे.’

दोन्ही उत्तरं खरी होती. मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं सतरा वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. म्हणाले, रबर बघितलं की पुढचं काही बघायची मला गरज पडत नाही, ज्याला लांबचं दिसतं त्याला ब्रेक कमी लागतो. मी मान हलवली. मग ते गोगलगायीच्या गाडीत वाकले, म्हणजे माझ्या. ब्रेकचं रबर गुळगुळीत, एका कोपऱ्यात तर पत्रा चमकत होता. क्लचचंही तेच, कारण माझा डावा पाय कायम तिथे टेकलेला असतो. मिस्त्रींनी त्याला विचारलं, क्लचवर पाय ठेवून चालवतोस काय रे.

एक वाक्य बोलला असता तर संपलंच होतं. तो म्हणाला, रबर बदलायचं राहून गेलं.

मिस्त्रींनी माझ्या खांद्यावर थाप मारली, बाईंना तुमचं नाव सांगतो म्हणाले आणि हात धुवायला वर ऑफिसात गेले. शेडखाली आम्ही दोघंच उरलो. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मला त्याचाच राग आला. म्हटलं, ‘तू बोलला का नाहीस?’

तो खिशातलं मीटर उगाच पुसत होता. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडायला जागा मिळाली असती. पण त्याच्या तोंडावर तसं काही नव्हतं.

‘मला वाटलं तुम्ही सांगाल, दादा,’ तो म्हणाला.

जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. गुडघ्यामुळे मला त्या पाठ आहेत. वर मिस्त्री रुमालाला हात पुसत होते आणि बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी दारातूनच सांगितलं की आम्ही दोन महिन्यांपूर्वी गाड्या बदलल्या आहेत. बाईंनी पेन खाली ठेवलं. मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

‘म्हणजे ते गुळगुळीत रबर तुमचं?’

‘हो.’

‘क्लचचंही?’

‘दोन्ही.’

टेबल त्याला मिळालं, पाटीही त्यालाच. मी चांगुलपणा केला असं कोणी समजू नये. मी वर गेलो कारण खाली त्याच्यासमोर उभं राहणं मला सोसवेना. त्याने मला वेळ दिला होता, आणि तेवढ्या वेळात मी गप्प राहिलो होतो, हे त्याला माहीत होतं.

बाईंनी हुकूम काढला की नव्यांबरोबर जुन्यांनीही शिकायचं. माझी जुनी गाडी मी परत मागून घेतली होती, तिला दोन्ही रबरं नवी बसवली होती. सोमवारी तो माझ्या शेजारी बसला. मागे खाट नव्हती, त्याने त्यावर काही म्हटलं नाही. फक्त एकदाच बोलला, तो पुढचा लाल दिवा दिसतोय ना, पाय आत्ताच उचला. मी उचलला. गाडी घरंगळत गेली, आम्ही पोचायच्या आत दिवा हिरवा झाला आणि ब्रेकला पाय लावावाच लागला नाही. इतकं सोपं होतं ते, आणि मला इतका संताप आला, की पुढचे दोन चौक मी त्याच्याकडे बघितलं नाही.

आता तो मालावर जात नाही, त्यामुळे फळ्यावर त्याचं नाव नसतं. गेल्या पहिल्या तारखेला सर्वांत वर माझं नाव होतं. साडेपंधरा. सात वर्षांनी. मी फळ्याचा फोटो काढला, घरी जाऊन चपला न काढताच बायकोपुढे मोबाइल धरला.

तिने हात पुसून चष्मा लावला, नीट वाचलं, आणि खूश होऊन म्हणाली, ‘चांगलं शिकवलंय हो त्यांनी.’